काकांच्या एमजीबीला हात लावायचा, पण कुठवर?

वाचकाचं पत्र

माझे थोरले काका मुंबईत जहाज कंपनीत नोकरीला होते. १९७१ साली त्यांनी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात एका परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याची १९६७ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. वर उघडी, दोन सीटची, तारांच्या चाकांची. १९८३ मध्ये इंजिन जाम झालं. मूळ भाग मिळेनात म्हणून काकांनी ॲम्बेसेडरचं इंजिन टाकलं आणि जुनं गोणपाटात गुंडाळून ठेवून दिलं. १९९६ पासून गाडी कोल्हापुरात आमच्या वाड्यात ताडपत्रीखाली उभी आहे. आरसी अजून काकांच्याच नावावर आहे, मुदत केव्हाच संपलीय.

मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झालाय. त्याला तिच्यात जपानी इंजिन, पाच गिअर, रुंद अलॉय चाकं, एसी आणि काळा मॅट रंग हवाय. काका ८१ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, नट-बोल्टालाही हात लावायचा नाही, होती तशी करा. बायको म्हणते, विकून मोकळे व्हा. बारा लाखांपर्यंत खर्च करायची माझी तयारी आहे. गाडी मूळ रूपात आणावी की मुलाच्या म्हणण्याप्रमाणे बदलावी? तारांच्या चाकांचंही सांगा, ती ठेवण्यात अर्थ आहे का?

— एक कोल्हापूरकर

सल्ला

प्रिय कोल्हापूरकर,

उत्तर आधीच देऊन टाकते. जपानी इंजिनाचा नाद चिरंजीवांनी सोडावा, ‘नट-बोल्टालाही हात नको’ हा हट्ट काकांनी सोडावा, आणि तुम्ही ते गोणपाट उघडावं. बाकीचं पत्र हे असं का, ते सांगण्यासाठी.

काकांपासून सुरुवात करू. त्यांना गाडी ‘होती तशी’ हवीय. पण कधी होती तशी? १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात १७९८ सीसीचं इंजिन होतं. आज तिच्यात जे आहे ते काकांनी १९८३ साली स्वतः केलेलं मॉडिफिकेशन आहे. हे त्यांना उलटून ऐकवू नका. त्या काळी परदेशी भाग आणणं म्हणजे काय दिव्य होतं हे त्यांनाच ठाऊक, आणि त्यांनी निवडलेला पर्यायही शहाणपणाचा होता. ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच ‘बी सीरिज’ कुळातली. म्हणून थोड्या खटपटीत ते तिथे बसलं. ताकद मात्र बरीच गेली.

याचा दुसरा फायदा तुमच्या गावाला आहे. ॲम्बेसेडरचं इंजिन ज्यांनी आयुष्यभर खोललं, असे मिस्त्री कोल्हापुरात अजून सापडतील. टॅपेटची रचना, हेड उतरवायची पद्धत, तेल कुठून गळणार, सगळं त्यांच्या हाताला ओळखीचं असेल. एमजीबीचं नाव ऐकून बिचकणाऱ्याला इंजिन दाखवा, त्याचा चेहरा बदलेल.

आता गोणपाट. बॉनेटखाली रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर चेसिस नंबर असतो. त्या सालच्या उघड्या एमजीबीचा नंबर जीएचएन३ ने सुरू होतो. गोणपाटातल्या ब्लॉकवरच्या पट्टीवर १८जीबी ने सुरू होणारा नंबर असेल तर तो त्या काळच्या पाच बेअरिंगच्या इंजिनाचा आहे. तो आरसीवरच्या इंजिन नंबराशी ताडून पाहा. जुळला, तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला, आणि तो का ते कायद्याकडे आलो की कळेल. इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे एमजीच्या कारखान्याच्या नोंदी आहेत. पैसे भरून दाखला मागवता येतो. गाडी कधी बनली, कुठला रंग होता, कुठल्या देशात गेली, इंजिन नंबर काय होता, हे त्यावर येतं. खर्चाच्या मानाने याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. रंगावरून घरात भांडण व्हायच्या आत तो मागवा.

जाम झालेलं इंजिन बघून घाबरू नका, पण त्याला सेल्फ जोडून फिरवायचा आततायीपणाही नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने हलवून बघा. हललं नाही तर खोला. ब्लॉक तडकलेला नसेल आणि क्रँक वाचलेला असेल, तर बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन बसतात. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे पिस्टनपासून दाराच्या रबरापर्यंत जवळपास सगळं इंग्लंडमध्ये आजही नवं बनतं. सीमाशुल्क आणि वाहतूक धरून पैसे लागतील, पण ‘भाग मिळत नाही’ ही १९८३ ची अडचण आज उरलेली नाही.

आता चिरंजीव. ते म्हणतील, एमजीबीत परकं इंजिन घालण्याची परंपरा कंपनीचीच आहे. खरं आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने तिच्यात रोव्हरचं व्ही-८ इंजिन बसवून विकायला सुरुवात केली, आणि मग १९७३ ते १९७६ या काळात एमजीने स्वतःच तशी गाडी काढली. तेव्हा परकं इंजिन म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. पण कंपनीने ते फक्त छत असलेल्या जीटीत बसवलं, उघड्या गाडीत नाही. हा तपशील त्यांना जरूर सांगा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. छत नसलेल्या गाडीत तो सगळा भार सिलवर, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांवर येतो. तीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे सिल कुठल्या अवस्थेत आहेत हे माहीत नसताना तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन घालायचं, ही इंजिनिअरची भाषा नव्हे.

आणि कायदा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आरटीओत असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ वर्णनाशी आरसीतले तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या क्षमतेचं इंजिन बसवून ती गाडी रीतसर रस्त्यावर आणण्याची वाट मला तरी दिसत नाही. एजंट ‘करून देतो’ म्हणेल. अपघात झाल्यावर विमा कंपनीसमोर तो एजंट उभा राहणार नाही. (विजेवर करायचं कुणी सुचवलं तर त्यासाठी कायद्यात तरतूद आहे, पण किट एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने मंजूर केलेलं आणि त्या प्रकारच्या गाडीसाठीच मंजूर असलेलं लागतं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून इथेच थांबते.)

याच न्यायाने काकांचं ॲम्बेसेडर इंजिनही अडचणीत आहे. तो बदल आरसीवर चढवला होता का, ते पाहा. नसेल चढवला, तर तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर वेगळाच नंबर वाचणार. मूळ इंजिन परत बसलं की गाडी आणि कागद एक होतात. निम्मा प्रश्न सुटतो म्हटलं ते यासाठी.

२०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणीही आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी तिला पात्र ठरते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला छान, पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी ती बाहेर काढायची. तुम्हाला रविवारी पन्हाळ्यावर चहाला जायचं असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण बरं. व्हिंटेजचा दरवाजा मात्र बंद करू नका, आणि तो उघडा ठेवायची अट एकच: सांगाडा कापू नका, इंजिन कुळाबाहेरचं घालू नका.

कागदाचं काम लगेच सुरू करा. आरसी मुंबईची असेल तर आधी जुनी नोंद संगणकात चढवणं, ज्याला आरटीओत बॅकलॉग म्हणतात, मग एनओसी, मग कोल्हापूरला नोंद आणि नावबदल, अशी ती लांबड आहे. यात सही काकांची लागते. वारसाहक्काचे कागद जमवत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा आजची सही किती सोपी, ते मी उघड करून सांगायला नको.

आता पैसे. तुमच्या बारा लाखांतले सगळ्यात जास्त पैसे ना मुलाच्या यादीत जाणार आहेत ना काकांच्या. ते पत्र्यात जाणार आहेत. रंग मागाहून. मऊ फडक्यात चुंबक गुंडाळून सिलवरून, मडगार्डच्या खालच्या कडेवरून आणि दारांच्या तळावरून फिरवा. जिथे तो धरणार नाही तिथे पुट्टी आहे. गालिचे उचलून फ्लोअर बघा, सीटमागचे बॅटरीचे दोन खण बघा (या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि ॲसिडने तिथला पत्रा खाल्लेला असतो), मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे टेकू बघा. मग मागच्या चाकापुढे जॅक लावून हळू उचला आणि दाराच्या फटीकडे नजर ठेवा. फट बारीक होत गेली तर सिल आतून गेले आहेत.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसेन. एमजीबीचा सिल तीन थरांचा असतो. बाहेरचा गंजला की त्यावरच नवा पत्रा ठोकून वेल्डिंग मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि वर रंग बसला की गाडी आरशासारखी दिसते. वरून कीर्तन, आतून तमाशा. आतला थर कुजतच राहतो. सिल बदलायचे तर गाडी समपातळीवर टेकवून, दाराच्या चौकटीला आडवा आधार वेल्ड करून, एका वेळी एकच बाजू कापायची. आधार न देता दोन्ही बाजू कापल्या तर गाडी मध्ये झुकते, आणि मग ती दारं जन्मात नीट लागत नाहीत. हे ऐकून ‘काय गरज आहे’ म्हणणाऱ्या गॅरेजात गाडी सोडू नका. उद्यमनगरात लेथवर कुठलाही भाग घडवून मिळेल, यात शंका नाही. पत्र्याचा असा कारागीर मात्र शोधावाच लागेल.

सांगाडा पार गेलेला निघाला तर? इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून एमजीबीचे अख्खे नवे सांगाडे बनवले आहेत. पण तो आणणं, त्यावर शुल्क भरणं आणि मग आरटीओला ही तीच गाडी आहे हे पटवणं, हे बारा लाखांत बसेल असं मला वाटत नाही. तसं असेल तर वहिनींचं ऐका.

सांगाडा बरा निघाला, तर मुलाला मोकळं रान द्या. खरंच द्या. कारण कॅटलॉगबरहुकूम गाडी तुमच्या घरात कुणालाच नकोय. काकांना ती पुन्हा चालवायचीय, मुलाला ती भरवशाने चालायला हवीय. आणि कॅटलॉगबरहुकूम गाडीला आजचं पेट्रोलच चालणार नाही. शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली गेलं, तेव्हा हेड उतरवलेलंच आहे तर व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराच्या नळ्या मऊ करून टाकतं, आणि कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर आहेत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी आणि सील इथेनॉल सोसणारं हवं. इथे ‘ओरिजिनल’चा आग्रह म्हणजे आगीला आमंत्रण.

मुलासाठी यादी अशी. विजेचं सगळं काम त्याचं. १९६७ ची गाडी बहुधा पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) असणार, म्हणजे आजचा कुठलाही चार्जर किंवा एलईडी उलटा लागणार. निगेटिव्ह अर्थ करता येतो, फक्त डायनमोचे ध्रुव बदलावे लागतात आणि टॅकोमीटरच्या आत वायरिंग फिरवावं लागतं. इंजिनिअर मुलाच्या संध्याकाळी त्यात मजेत जातील. पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दिव्यांना रिले, रेडिएटरपुढे विजेचा पंखा, तीन बिंदूंचे सीटबेल्ट. ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या, आणि जोडीला पेडलचा जोर वाढवणारा सर्व्हो. त्या काळच्या ब्रेकला एकच सर्किट असतं, एक नळी फुटली की पेडल तळाला जातं. त्यामुळे इथे काटकसर नाही. पाच गिअरचा त्याचा हट्टही बऱ्याच अंशी पुरा होतो: एमजीबीच्या मूळ इंजिनाला फोर्डचा पाच गिअरचा बॉक्स जोडणारी तयार किट मिळतात. मूळ बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडण्याची सोय) नाही, घाटात ते जाणवतं. तरी आधी मूळ बॉक्सवर एक पावसाळा गाडी चालवा आणि मग ठरवा. त्यात ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी जोड) निघालं तर पाचव्या गिअरची फारशी गरजही वाटणार नाही.

या सगळ्याला कसोटी एकच लावायची. बोल्ट काढून मूळ भाग परत बसवता येत असेल, तर करा. करवत किंवा गॅसकटर लागत असेल, तर नको. रुंद अलॉय मागच्या मडगार्डला घासतात आणि मग मडगार्डची कड कापावी लागते, म्हणून नकोत. एसीसाठी डॅशबोर्ड फाडावा लागतो, आणि उघड्या गाडीत एसी म्हणजे कोणासाठी, हे मला कळलेलं नाही. मॅट काळ्याचं एवढंच म्हणते की दाखल्यावरचा रंग येईपर्यंत थांबा. काढलेला प्रत्येक भाग ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. ॲम्बेसेडरचं इंजिनही टाकू नका, तो काकांच्या गाडीचा बारा-तेरा वर्षांचा इतिहास आहे.

क्रमाबद्दल एक. पूर्ण उघडून, सांगाडा नागडा करून केलेलं काम ठरलेल्या वेळात संपत नाही. मिस्त्री गावाला जातो, पार्सल कस्टममध्ये अडकतं, पैसे मध्येच आटतात, आणि गाडी पुन्हा खोक्यांत जाते. काका ८१ वर्षांचे आहेत. म्हणून आधी सिल, ब्रेक, इंधनाच्या नळ्या आणि इंजिन एवढंच करा आणि गाडी चालती करा, भले रंग उडालेली असो. काकांना तिच्यात बसवून रंकाळ्याला चक्कर मारा. क्रोम, सीटचं चामडं, हूड, रंग हे नंतर वर्षभर होत राहील. शिवाय रंगाच्या कामाला पैसे कमी पडले तर गाडी नुसती कळकट दिसेल. ब्रेकला कमी पडले तर काय होईल ते सांगायला नको.

वहिनींचं विकण्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पण आज विकलीत तर घेणारा ‘इंजिन परकं, कागद मेलेले’ म्हणून पाडून मागेल. कागद जिवंत करून आणि मूळ इंजिन चालू करून विकलीत तर तो गाडीची किंमत करेल. जपानी इंजिन घातलेली गाडी मात्र मुलासारख्याच हौशी माणसाला खपेल, आणि तो सापडेपर्यंत ती दारात उभी राहील. म्हणजे विकायची ठरवली तरी पहिली कामं हीच.

राहिली तारांची चाकं. ठेवा. आत ट्यूब लागते, ट्यूबलेसचा आग्रह धरू नका. तारा वाजवून बघा, बद्द वाजणारी सैल असते. त्याहून महत्त्वाचे हबवरचे दाते. ते झिजून टोकदार झाले असतील तर ब्रेक मारताना चाक हबवर घसरतं, तेव्हा हब आणि चाक दोन्ही बदलावी लागतील. मधला कानाचा नट तांब्याच्या हातोड्याने ठोकायचा, लोखंडाच्या नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट असतात. हब चुकून अदलाबदल होऊन बसले तर चाक फिरेल तसा नट सैल होत जातो, आणि गॅरेजमध्ये ही चूक सहज होते. गाडी जमिनीवर टेकवण्याआधी बाजू एकदा काकांकडून तपासून घ्या.